भल्या जमीनदाराची कैफियत



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शेजारच्याला विचारलं असणार, हा आर्थर कॅव्हना कोण? प्रश्न रास्त आहे. या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठ्या माणसांवर बोललं गेलं. कॅव्हना त्या अर्थाने मोठा नाही. त्याच्या नावावर एकही कायदा नाही. इतिहासाच्या ज्या लढाईत तो उतरला, ती तो हरला. तरीही तासभर त्याच्यावर बोलावं असं मला का वाटलं, ते हळूहळू सांगतो.

आधी ओळख. आर्थर मॅकमरो कॅव्हना. जन्म २५ मार्च १८३१, आयर्लंडच्या कार्लो कौंटीतलं बॉरिस गाव. मृत्यू १८८९ च्या नाताळच्या दिवशी, लंडनमध्ये. कार्लो, किल्केनी आणि वेक्सफर्ड अशा तीन कौंटींत पसरलेल्या जमिनीचा मालक. १८६६ पासून १८८० पर्यंत लंडनच्या पार्लमेंटात खासदार. शिकारी, दर्यावर्दी, सात मुलांचा बाप. तरुणपणी दोनेक वर्षं आपल्या दख्खनेत होता, औरंगाबादकडे आणि पुणे जिल्ह्यात. आणि या माणसाला जन्मतःच हात नव्हते, पाय नव्हते. खांद्यापाशी आणि कमरेपाशी नुसते खुंट.

ही चुळबूळ मला अपेक्षित होती. शेवटचं वाक्य उच्चारलं की आधीचं सगळं माणसं विसरतात. त्याच्या हयातीपासून हेच चालू आहे. त्याच्याबद्दल जे काही छापून आलं त्यातलं बरंचसं आश्चर्याच्या सुरात आहे. हात-पाय नसलेला माणूस घोड्यावर बसला! हात-पाय नसलेला माणूस बंदूक चालवतो! ठीक आहे. आश्चर्य वाटायलाच हवं, मलाही वाटलं. पण माणूस चौदा वर्षं पार्लमेंटात बसला. तिथे तो काय बोलला, कोणाच्या बाजूने बोलला, कोणाच्या विरुद्ध उभा राहिला, हे विचारायचं की नाही? नुसत्या टाळ्या वाजवून त्याला घरी पाठवणं हा त्याचा मान आहे, की अपमान? मला विचाराल तर त्याच्याशी चार हात करावेत, म्हणजे वाद घालावा, यातच त्याचा खरा मान आहे. (चार हात म्हणून गेलो. तो असता तर हसला असता.)

तर सुरुवात घरापासून. घराणं साधंसुधं नव्हे. मॅकमरो म्हणजे लेन्स्टर प्रांताचे जुने राजे. बाराव्या शतकात यांच्याच पूर्वजाने, डर्मट मॅकमरोने, गेलेलं राज्य परत मिळवायला समुद्रापलीकडून नॉर्मन सरदार बोलावले आणि आयर्लंडमध्ये परक्यांचा पाय शिरला तो तेव्हा. आपल्याकडेही असे पाहुणे कोणी ना कोणी बोलावून आणले आहेत, तेव्हा यावर जास्त बोलत नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत राज्य गेलं होतं, जमीन राहिली होती. भोवतालची रयत कॅथलिक, वाड्यातले लोक प्रॉटेस्टंट. हा तपशील लक्षात ठेवा.

बाप, थॉमस कॅव्हना, तोही खासदार. आर्थर लहान असतानाच वारला. घराची सूत्रं आईकडे आली, आणि ही बाई विलक्षण होती. लेडी हॅरिएट, क्लँकार्टीच्या अर्लची मुलगी. चित्रं काढायची, इजिप्तात हिंडायची. तिने तिकडून आणलेल्या प्राचीन वस्तू आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. कॉर्फू बेटावरची ग्रीक लेस तिने बॉरिसला आणली आणि पुढे सांगणार आहे त्या दुष्काळाच्या दशकात गावातल्या बायकांना ती विणायला शिकवली. बॉरिस लेस नावाने ती पुढे कित्येक वर्षं विकली जात होती.

असं मूल अशा घरात जन्माला आलं की काय होत असे? दूरच्या खोलीत, दाईच्या हवाली, आणि पाहुणे आले की दार बंद. हॅरिएटने ते केलं नाही. डॉ. फ्रान्सिस बॉक्सवेल नावाच्या वैद्याच्या सल्ल्याने पोराला इतर भावांसारखंच वाढवायचं ठरलं. तीन वर्षांचा होतो न होतो तोच त्याला घोड्यावर बांधलं. खोगीर खास बनवून घेतलेलं, त्यात खुर्चीसारखी बैठक, त्या बैठकीला पट्ट्यांनी आवळलेलं धड. लगाम खांद्याच्या खुंटांना. घोडा पडला तर सुटता येणार नाही, हे आईलाही ठाऊक आणि मुलालाही. याच तऱ्हेने तो पुढे कुंपणांवरून उड्या मारत कोल्ह्यांमागे धावायचा. मासे धरायचा, नेम साधायचा, चित्रं काढायचा. लिहायचाही, आणि वाचता येईल असं लिहायचा. आजच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांपेक्षा सुवाच्य म्हणतात तसं.

पंधराव्या वर्षी आईबरोबर इजिप्त, नाईल, सिनाई, जेरुसलेम. परतला तो धट्टाकट्टा तरुण होऊन. १८४८ साली आयर्लंडमध्ये स्मिथ ओब्रायनचं बंड झालं, तेव्हा हा सतरा वर्षांचा पोरगा सरकारच्या बाजूने घोड्यावरून टेहळणी करत होता. कोणाच्या बाजूने? सरकारच्या. ही निवड त्याने सतराव्या वर्षी केली आणि जन्मभर बदलली नाही.

पुढच्याच वर्षी आईच्या कानावर आलं की धाकटे चिरंजीव इस्टेटीतल्या मुलींशी नको तितकी जवळीक करतात. माझ्या मते, चरित्रातली ही सर्वांत आश्वासक बातमी आहे! म्हणजे वाड्यातला मुलगा पूर्ण माणूस होता, त्याच्या वर्गातल्या इतर वाड्यांतल्या मुलांइतकाच बेजबाबदारही होता. त्या मुलींची नावं अर्थात कुठे नाहीत. आईने त्याला थोरला भाऊ थॉमस आणि एक पाद्री शिक्षक यांच्यासोबत हद्दपार केलं. आधी स्वीडनमधलं उप्साला. मग मॉस्को. मग व्होल्गा नदीने खाली कॅस्पियन समुद्र, इराण, कुर्दिस्तान, बगदाद. बर्फ, डाकू, ताप, सगळं झालं. इराणात हा आजारी पडला तेव्हा एका शहजाद्याने त्याला चक्क आपल्या जनानखान्यात ठेवून शुश्रूषा करवली. आईने ज्यासाठी घराबाहेर काढलं त्याचा शेवट जनानखान्यात! लेडी हॅरिएटला हे पत्राने कळवलं की नाही, असा प्रश्न विद्यार्थी मला हमखास विचारतात.

आणि १८५१ मध्ये ही मंडळी मुंबईला उतरली. आता आपण आपल्या मुलखात आलो.

इथे भाऊ क्षयाने खंगत गेला. हवापालटासाठी ऑस्ट्रेलियाच्या बोटीत बसला आणि वाटेतच गेला. आर्थरच्या हातात राहिले तीस शिलिंग, म्हणजे त्या काळचे पंधराएक रुपये. वीस-एकवीस वर्षांचं वय, परका मुलूख, आणि शरीर असं. मग त्याने काय केलं? नोकरी धरली. कंपनी सरकारचे खलिते घोड्यावरून पोचवायची.

जरा विचार करा. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली १८५३ च्या एप्रिलमध्ये. तोवर सरकार चालायचं ते घोड्याच्या पायांवर. औरंगाबादचा भाग निजामाचा. काळी जमीन, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात भेगा, मध्ये ओढे-नाले. अशा मुलखातून बैठकीला बांधलेला हा तरुण खलित्यांची थैली घेऊन जात होता. फावल्या वेळात वाघांची शिकार. नंतर त्याला पुणे जिल्ह्याच्या सर्व्हे खात्यात जागा मिळाली.

पुणे जिल्ह्याचं सर्व्हे खातं! इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण चरित्रकार इथे थांबत नाहीत. त्यांना वाघ दिसतात, सर्व्हे दिसत नाही. इंग्रजी अमलात जमिनीच्या कारभाराचा एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात चालू होता. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. १८४७ साली त्या पद्धतीचे नियम एका संयुक्त अहवालात पक्के झाले. शेतात साखळी पडायची, तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही आपण फ्लॅट विकून गावाकडे 'दोन गुंठे घेतले' म्हणतो ना, तो गुंठा त्याच साखळीचा. मग मातीची प्रतवारी: काळी किती खोल, चुनखडी किती, उतार कुठे. त्यावरून साऱ्याचा आकार ठरायचा, आणि तो तीस वर्षं वाढवायचा नाही असं सरकारने बांधून घेतलं.

या पद्धतीचं नाव रयतवारी. म्हणजे सारा भरणारा शेतकरी आणि सारा घेणारं सरकार समोरासमोर. मध्ये जमीनदार नाही. मी काही रयतवारीचे गोडवे गायला उभा नाही. मध्ये जमीनदार नव्हता, पण सावकार होता. १८७५ च्या मे महिन्यात याच पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, हे शाळेत आपण सगळ्यांनी वाचलं आहे. तरीही एक गोष्ट खरी की ज्याच्या नावावर खातं, त्याने सारा भरत राहावं आणि जमीन कसत राहावं, असा कागद इथे होता. 'मालक भला आहे म्हणून मी इथे आहे' असं इंदापूरच्या शेतकऱ्याला म्हणावं लागत नव्हतं.

आणि आयर्लंडमध्ये? तिथे नेमकं हेच म्हणावं लागत होतं. कुळ वर्षावर्षाच्या कराराने राहणार. खंड मालक ठरवणार. कुळाने दगड वेचून, चर खणून, झोपडीला छप्पर घालून जमीन सुधारली, तर त्या सुधारणेचा मालक कोण? जमीनदार. उलट जमीन सुधारली म्हणून खंड वाढायची भीती! उत्तरेकडे अल्स्टर प्रांतात रिवाजाने थोडं संरक्षण होतं. बाकी देशात तेही नाही. १८४५ पासून बटाट्याला रोग पडला, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. १८४१ ची एक्क्याऐंशी लाखांची वस्ती १८५१ च्या शिरगणतीत पासष्ट लाखांवर आली. दुष्काळी मदतीच्या कायद्यात १८४७ साली एक कलम घुसवलं गेलं: पाव एकराहून जास्त जमीन ज्याच्याकडे आहे त्याला मदत नाही. म्हणजे भाकर हवी असेल तर जमीन सोडा. हे कलम सुचवणारे गृहस्थ गॅल्वेचे जमीनदार होते आणि खासदारही होते.

१८५३ साली उरलेला भाऊ चार्ल्सही वारला, आणि बाविसाव्या वर्षी आर्थर बॉरिसचा धनी झाला. पुण्याच्या सर्व्हे खात्यातला एक पगारी नोकर एका बोटीच्या प्रवासात तीन कौंटींचा जमीनदार. आयुष्यात इतका उलटा फेरा फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

आता तो जमीनदार कसा होता? सरळ सांगतो, चांगला होता. दुष्काळानंतरच्या आयर्लंडमधले पुष्कळ जमीनदार लंडनला राहून मुनिमाकरवी खंड गोळा करत. हा गावात राहिला. १८५५ मध्ये नात्यातल्याच फ्रान्सिस लेदलीशी लग्न केलं आणि दोघांनी मिळून इस्टेट सुधारायला घेतली. बॉरिस आणि बॅलीरॅगेट या गावांतली मोडकी घरं पाडून नवी बांधली. त्यांचे नकाशे त्याने स्वतः काढले. ज्याला बोटं नाहीत त्याने काढलेले घरांचे नकाशे! बॉरिसला रेल्वे यावी म्हणून खटपट केली. न्यू रॉसच्या गरीबखान्याच्या मंडळाचा तो अध्यक्ष. तिथे राहणारे जवळजवळ सगळे कॅथलिक. त्यांच्यासाठी गरीबखान्यातच प्रार्थनेची जागा करून देण्यात या प्रॉटेस्टंट माणसाने पुढाकार घेतला. त्या काळच्या आयर्लंडमध्ये ही लहान गोष्ट नव्हती. वाड्याच्या चौकात एक जुना ओक होता, त्याखाली तो बसायचा आणि कुळं आपापली गाऱ्हाणी घेऊन यायची. कोणाची बांधाची तक्रार, कोणाचा वाटणीचा तंटा. हा ऐकायचा आणि निवाडा द्यायचा. बऱ्याचदा शहाणपणाचा निवाडा असायचा.

हे चित्र आपल्याला ओळखीचं आहे. पारावर बसलेले पाटील, समोर जमिनीवर बसलेली माणसं. जुन्या कथांतून असे पाटील आपण प्रेमाने वाचले आहेत. न्याय मिळतोय, तेव्हा तक्रार कशाला? पण निवाडा पटला नाही तर अपील कुठे? खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल तर ती कोणत्या झाडाखाली मांडायची? हा प्रश्न बॉरिसच्या कुळांनी त्या काळात विचारला नाही. मनात नव्हता असं मात्र कोणी समजू नये.

पार्लमेंटचा भाग तसा लवकर आटोपता येतो. १८६६ मध्ये वेक्सफर्डमधून पोटनिवडणुकीत निवडून आला. १८६८ पासून कार्लोमधून. पक्ष कॉन्झर्व्हेटिव्ह. नोकर त्याला पाठीवर घेऊन सभागृहात आणायचा आणि जागेवर बसवायचा. नियमांना चिकटून बसण्यात त्या सभागृहाचा हात कोण धरणार! पण त्याच्यासाठी वाट काढली गेली. स्वतःच्या जहाजातून तो आयर्लंडहून ये-जा करायचा. समुद्राचं वेड इतकं की अल्बानियाच्या किनाऱ्यावरच्या एका शिकारी सफरीवर त्याने पुस्तकही लिहिलं. निवडून आल्यावर मात्र घाईने उठून बोलला नाही. पहिलं भाषण १८६९ मध्ये, आणि तेही आयर्लंडच्या गरिबांविषयीच्या कायद्यावर, जो विषय त्याने न्यू रॉसला रोज हाताळलेला. आजच्या खासदारांनी यातून काय घ्यावं ते मी सांगत नाही.

आयर्लंडमधल्या प्रॉटेस्टंट चर्चचा सरकारी दर्जा काढायला त्याने विरोध केला. पण १८७० साली पंतप्रधान ग्लॅडस्टनने कुळांना थोडी नुकसानभरपाई देणारा जमीन कायदा आणला, तेव्हा या कॉन्झर्व्हेटिव्ह जमीनदाराने त्याला पाठिंबा दिला. अन्याय दिसत होता त्याला. मलम लावायला तो तयार होता.

आणि मग १८७९ उजाडलं.

सलग वाईट हंगाम. पश्चिमेकडे पुन्हा उपासमारीचं सावट. अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊन भाव पडलेले. खंड मात्र तोच. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डब्लिनला लँड लीग स्थापन झाली. अध्यक्ष पार्नेल, जो स्वतः विक्लो कौंटीतला प्रॉटेस्टंट जमीनदार आणि खासदार होता. म्हणजे जमीनदाराच्या पोटी जन्मलं की मत ठरलंच असं काही नसतं, हे इथे नोंदवून ठेवा. आणि लीगमागचा खरा डोकेबाज माणूस मायकेल डॅव्हिट.

या डॅव्हिटबद्दल मला सांगायचंच आहे. जन्म १८४६, दुष्काळाच्या ऐन तोंडावर, मेयो कौंटीत. चार वर्षांचा असताना खंड थकला म्हणून कुटुंबाला घराबाहेर काढलं. आईबाप पोरांना घेऊन इंग्लंडला लँकेशरात गेले, कारण तिथे कापडाच्या गिरण्या होत्या. पोरगा गिरणीत लागला. अकराव्या वर्षी उजवा हात यंत्रात सापडला आणि कापावा लागला. नुकसानभरपाई? शून्य. पुढे आयरिश क्रांतिकारकांना हत्यारं पुरवल्याबद्दल १८७० मध्ये पंधरा वर्षांची सक्तमजुरी झाली. सात वर्षं भोगली, डार्टमूरच्या तुरुंगात, एका हाताने.

आता ही दोन शरीरं एकमेकांशेजारी ठेवून बघा. एकाला जन्मतःच हात नव्हते, दुसऱ्याचा गिरणीने नेला. एकाला खास खोगीर मिळालं, नोकराची पाठ मिळाली, सभागृहाने वाट करून दिली. दुसऱ्याला दगड फोडायला दिले. कॅव्हनाची जिद्द खोटी होती का? मुळीच नाही. तीस शिलिंगांवर दख्खनेत उभा राहिलेला माणूस तो. पण जिद्दीच्या खाली जमीन होती, आणि त्या जमिनीवर कुळं राबत होती. खोगिराचे पैसे खंडातून आले होते. त्याच्या पराक्रमावर लिहिणारे लोक हे एक वाक्य लिहायला विसरतात. मी डॅव्हिटची कहाणी कॅव्हनाला खाली ओढायला सांगत नाही. १८७९ ते १८८२ या काळात आयर्लंडमध्ये जे घडलं त्याला जमिनीची लढाई म्हणतात, आणि त्या लढाईत हे दोघे समोरासमोरच्या फळ्यांवर होते, म्हणून सांगतो.

१८८० च्या सार्वत्रिक निवडणुकीत कार्लोच्या दोन्ही जागा होमरूलवाल्यांनी, म्हणजे आयर्लंडला स्वराज्य मागणाऱ्यांनी, जिंकल्या. कॅव्हना पडला. मतपत्रिका गुप्त झाल्या होत्या १८७२ च्या कायद्याने. त्याआधी कुळ कोणाला मत देतं हे मालकाचा मुनीम उभा राहून ऐकत असे. आता पेटीत काय पडलं ते कोणालाच कळायचं नाही. कळलं इतकंच की ज्यांनी 'मत तुम्हालाच' म्हणून सांगितलं होतं, त्यातले बहुतेक फिरले. त्याच्याच गावची, त्याने बांधलेल्या घरांत राहणारी माणसं. हे त्याला फार लागलं. अगदी शेवटपर्यंत लागलं.

मला इथे त्याच्याबद्दल खरोखर वाईट वाटतं. सत्तावीस वर्षं माणूस गावात राबला. घरं बांधली. कोणाला उपाशी मरू दिलं नाही. आणि लोकांनी पाठ फिरवली. कृतघ्न म्हणायचं का त्यांना? कॅव्हनाने तेच म्हटलं असतं. मी म्हणणार नाही. त्याची कुळं त्याच्या भलेपणाविरुद्ध मत देत नव्हती. भलेपणा मालकाबरोबर मरतो. धनी बदलला, मुनीम बदलला, की घर जातं. त्यांना असा कागद हवा होता की मालक भला असो वा बुरा, आम्ही इथेच राहू. असा कागद पुण्याच्या सर्व्हे खात्यात कॅव्हनाच्या डोळ्यांसमोर रोज तयार होत होता! माझा त्याच्याशी वाद आहे तो इथे.

आणि वादाची संधी त्याला मिळाली होती, अगदी सरकारी शिक्क्यानिशी. १८८० मध्ये ग्लॅडस्टन सरकारने आयर्लंडच्या जमिनीच्या प्रश्नावर लॉर्ड बेसबरो यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. कॅव्हना त्याचा सभासद. आयोगाने तीन गोष्टी मागितल्या: खंड वाजवी असावा, खंड भरणाऱ्याला काढता येऊ नये, आणि कुळाला आपला हक्क विकता यावा. पुढच्या वर्षीचा जमीन कायदा याच तीन पायांवर उभा राहिला. कॅव्हनाने वेगळा अहवाल लिहिला. मालकी म्हणजे मालकी, तिचे तुकडे पाडून कुळाच्या हाती देणं त्याला मान्य नव्हतं.

कैफियत म्हणून त्याची बाजूही ऐकली पाहिजे. जमीन वडिलोपार्जित, तिच्यावर कर्ज, धाकट्या भावंडांचे हिस्से, विधवांची पोटगी. खंड कायद्याने खाली आला तर हे देणं कोण फेडणार? शिवाय वाईट मालकासाठी केलेला कायदा चांगल्या मालकालाही चोर ठरवतो, ही त्याची खंत. यात तथ्य नाही असं नाही. आपल्याकडे कुळकायदा आला तेव्हा कोकणातल्या कित्येक खोतांच्या आणि देशावरच्या विधवांच्या घरांत हेच बोललं गेलं, काहींच्या बाबतीत खरंही होतं. पण दोन पिढ्यांनी मागे वळून पाहताना कुळकायदा चुकला असं म्हणणारा मला तरी क्वचित भेटतो.

अहवालावर तो थांबला नाही. लढणारा माणूस होता. कुळांचं नवं हत्यार होतं बहिष्कार: ज्या शेतातून कुळाला काढलं त्या शेतात दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर त्याला दुकानदार मीठ विकणार नाही, लोहार नाल ठोकणार नाही. मेयोतल्या कॅप्टन बॉयकॉटच्या नावाने ते जगभर गेलं. यावर कॅव्हनाने १८८२ मध्ये लँड कॉर्पोरेशन उभी केली. ओस पडलेली शेतं कंपनीने घ्यायची, बाहेरून माणसं आणून कसायची, म्हणजे बहिष्काराची धार बोथट. युक्ती हुशारीची होती. पण ओकाखाली बसून निवाडे देणारा माणूस आता भागभांडवल जमवून रिकाम्या केलेल्या घरांचा बंदोबस्त करत होता. या दोन चित्रांतला माणूस एकच आहे, आणि त्याला स्वतःला त्यात कुठेही विसंगती वाटत नव्हती. दोन्हीकडे तो आपल्या समजुतीप्रमाणे घर राखत होता.

१८८६ मध्ये होमरूलचं पहिलं विधेयक पडलं, तो आनंद त्याला पाहायला मिळाला. त्याच वर्षी आयर्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलवर नेमणूक झाली. तीन वर्षांनी न्यूमोनियाने गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी.

माझा निकाल विचाराल तर असा: शरीराच्या बाबतीत त्याने जन्माने घातलेली एकही मर्यादा मानली नाही, आणि वर्गाच्या बाबतीत जन्माने घातलेली एकही मर्यादा ओलांडली नाही. पार्नेलने ओलांडली. त्याला जमलं नाही, किंवा त्याने जमवलं नाही. पण त्याच्याबद्दल बोलताना कीव आणि कौतुक हे दोन्ही शब्द बाजूला ठेवा. तो राजकारणी होता, ठाम होता, आणि चुकीच्या बाजूला होता. हात-पाय असलेल्या माणसाबद्दल आपण जे बिनदिक्कत बोलतो, तेच त्याच्याबद्दल बोलू या.

राहता राहिली पुढची हकीकत. १९०३ साली विंडमचा कायदा आला. सरकारने कुळांना कर्ज दिलं, कुळांनी जमीनदारांकडून जमिनी विकत घेतल्या, आणि आयर्लंडमधली जुनी जमीनदारी एका पिढीत निकालात निघाली. बॉरिसचा वाडा राहिला. तो आजही कॅव्हना कुटुंबाकडेच आहे. १९०८ साली कार्लो कौंटीने याच घरातला आणखी एक खासदार लंडनला पाठवला. आर्थरचा थोरला मुलगा, वॉल्टर मॅकमरो कॅव्हना. तो निवडून आला आयरिश राष्ट्रवाद्यांच्या, म्हणजे ज्यांनी १८८० साली त्याच्या बापाला पाडलं त्या होमरूलवाल्यांच्या तिकिटावर.